साडेचार इंची भिंत

खैरनार साहेबांनी खिशातून रुमाल काढला, त्याची उभी घडी घालून डोळ्यांवर बांधला आणि नाफड्यांच्या मागच्या बेडरूमच्या दारात चक्क गुडघे टेकून बसले. सकाळचे अकरा वाजले होते. खिडक्यांतून लख्ख ऊन आत येत होतं.

"मॅडम, घड्याळ लावा," ते मला म्हणाले. "आणि आता कुणी काही सांगू नका."

नाफड्यांच्या सुनेने, हेमांगीने, माझ्याकडे बघून ओठ दाबले. मलाही हसू येत होतं. साठी उलटलेला, इस्त्रीच्या पँटमधला माणूस सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रांगत होता. साहेब अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. त्यांच्या डाव्या कानाची पाळी भाजून गोळा झालेली होती, ती रुमालाच्या गाठीशेजारी नीट दिसत होती. घरात मोडतोड करायची तर त्यांचं पत्र आणा, असं सोसायटीने कळवलं होतं, म्हणून मी त्यांना बोलावलं होतं.

साहेब उजवा हात भिंतीला लावून निघाले. पॅसेज संपला तशी भिंतही संपली आणि ते थेट जेवणाच्या टेबलाखाली शिरले. एक खुर्ची पडली.

"डावा हात, साहेब," कोपऱ्यातून आवाज आला.

ते भाऊ. हेमांगीचे सासरे. काचबिंदूने दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याआधी जन्मभर सरकारी भूकरमापक. जिल्ह्यातल्या शेतांच्या हद्दी मोजण्यात आयुष्य गेलेलं.

"उजवा तुम्हाला टेबलाखालीच नेणार. डाव्या हाताला स्वयंपाकघराची भिंत आहे, तिला सोडू नका. अकरा पावलांवर चौकट लागेल. ती ओलांडली की पुन्हा भिंत. आठ पावलं गेलात की बाहेरचं दार."

साहेब मागे वळले, डावा हात लावला आणि मिनिटाच्या आत बाहेरच्या दाराच्या कडीपर्यंत पोचले. रुमाल सोडून त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"हीच काढायची आहे ना तुम्हाला?"

"हो," मी म्हणाले.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. नाशिकला गंगापूर रोडवर माझं छोटंसं ऑफिस होतं. लोकांची घरं सजवून देण्याचं माझं काम. तेव्हा सगळ्यांनाच भिंती नको झाल्या होत्या. हेमांगीचं म्हणणं तर मला मनापासून पटलं होतं. "अकरा वर्षं भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटतेय, चारुताई," ती म्हणाली होती. "बाहेर सगळे हसतात आणि मी आतून विचारते, काय झालं, काय झालं? कुणी परत सांगत नाही." भिंत साडेचार इंची होती. वरचा भार तिच्यावर नव्हता. दोन दिवसांचं काम.

खैरनार साहेब मात्र बराच वेळ पॅसेजमध्ये उभे राहिले. "भिंत पाडल्याने इमारत पडणार नाही, ते मलाही कळतं," ते म्हणाले. "पण आज स्वयंपाकघरात काही पेटलं तर दार ओढून घ्यायचं आणि मागच्या दोन खोल्यांतल्या माणसांनी भिंतीच्या आडून निघून जायचं. भिंत गेली की त्यांचा बाहेर पडायचा रस्ता शेगडीसमोरून. दुसरा रस्ता आहे का? नाही. सातवा मजला आहे."

"मग करायचंच नाही का?" हेमांगीने विचारलं.

"करा की. पण शेगडी पार कोपऱ्यात न्या, बाल्कनीकडे. छताला पाण्याचे फवारे बसवा, उष्णता वाढली की आपोआप सुरू होणारे. मागच्या खोल्यांना जाड दारं, आपसूक मिटणारी. आणि धुराने वाजणारी घंटा, पॅसेजमध्ये. यातलं एकही गाळायचं नाही." मग ते माझ्याकडे वळले. "धुरात माणूस घाबरतो म्हणून मरत नाही, मॅडम. आपण कुठे आहोत हेच त्याला कळत नाही. माझी दोन माणसं अशी गेली आहेत, दारापासून चार फुटांवर."

त्यांनी अटी लिहून दिल्या. कामं पूर्ण झाल्यावर तसं सही करून सोसायटीला कळवायचं, ही माझी जबाबदारी होती.

भाऊंना दोन महिन्यांसाठी त्यांच्या मुलीकडे सिन्नरला पाठवलं आणि श्रावणात भिंत पाडली. घर उजळून निघालं. पहिल्या दिवशी तर हेमांगी मोकळ्या जागेत नुसतीच उभी राहिली. अटींचं म्हणाल तर, फवाऱ्यांच्या नळांनी छताची शोभा जात होती, तो विषय पुढे ढकलला. आपसूक मिटणारी दारं भाऊंच्या बोटांवर आपटतील म्हणून हेमांगीचा नवरा प्रसन्न नको म्हणाला, ते मलाही खरंच वाटलं. शेगडी कोपऱ्यात नेली तर हेमांगीचं तोंड पुन्हा भिंतीकडेच होत होतं. घंटा मात्र बसवली.

घटस्थापनेच्या आधी भाऊ परत आले. आठवड्याने हेमांगीचा फोन आला.

"चारुताई, एकदा येऊन जा. भाऊंचं काहीतरी बघा."

"बरं नाही का त्यांना?"

"बरे आहेत. तुम्ही याच."

मी दुपारी चारला पोचले. हेमांगीने मला सोफ्यावर बसवलं आणि बोट ओठांवर ठेवलं. भाऊ आपल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी डावा हात उचलला, तळवा सपाट केला आणि मोकळ्या हवेवर टेकवला. टेकवला असंच म्हणेन. बोटं पसरली होती आणि त्यांची टोकं पांढरी पडली होती, काहीतरी दाबल्यावर पडतात तशी. तसेच ते चालत आले. अकरा पावलं झाल्यावर हात थांबला, चौकटीच्या उंचीवर वर-खाली फिरला. उंबरा असल्यासारखा पाय उचलून ते आत गेले, पाणी प्यायले आणि त्याच जागेतून बाहेर आले. चहूकडे मोकळं असताना दुसरीकडून यायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

"सवय आहे," मी हळूच म्हणाले. "जाईल हळूहळू."

"हात बघा त्यांचा," हेमांगी म्हणाली.

मी उठून भाऊंजवळ गेले. त्यांच्या डाव्या तळव्याला पांढरी पूड लागलेली होती. घरात सगळा नवा प्लास्टिक रंग होता, पूड सुटेल असं काहीच नव्हतं. मी बोटाने ती घासून पाहिली. जुन्या चुन्याला येतो तसा थंड, ओलसर वास आला.

"भाऊ, इथली भिंत आम्ही काढली आहे," मी जरा मोठ्याने सांगितलं.

"मला ऐकू येतं, पोरी," ते हसले. "काढलीत, माहीत आहे. घरातला आवाज बदललाय की. पण असं आहे, लोक रातोरात बांधावरचा दगड उपटून टाकायचे. आम्ही मोजायला गेलो की म्हणायचे, साहेब, इथे काही नव्हतंच. दगड उपटला म्हणून हद्द हलत नाही."

हेमांगीने त्यांना हात धुवायला नेलं. मी पर्स उचलून निघाले. जाताना मी त्या मोकळ्या जागेतून सरळ जाऊ शकत होते. तशी गेले नाही. पॅसेजच्या बाजूने वळसा घेऊन गेले आणि लिफ्टमध्ये स्वतःवरच चिडले.

त्यानंतर जानेवारीतली ती दुपार. मागच्या बेडरूममधल्या कपाटाचं सरकतं दार अडकत होतं, त्याची चाकं बदलायला मी स्वतःच गेले होते. प्रसन्न कंपनीत होता. भाऊ त्यांच्या खोलीत पलंगावर बसून रेडिओ ऐकत होते. हेमांगीने कुरडया तळायला तेल ठेवलं होतं. तळणाचा वास कपड्यांना लागू नये म्हणून मी बेडरूमचं दार लावून घेतलं. मधे खालून वॉचमनचा फोन आल्याचं ऐकू आलं. पाण्याचा टँकर आला होता आणि हेमांगीची गाडी आडवी होती. "आलेच हं दोन मिनिटांत," ती ओरडून म्हणाली. तिने गॅस बारीक केला असं तिला वाटलं. खाली गेल्यावर गाडी सुरूच होईना.

मी हातोडीने चाक ठोकत होते, त्यामुळे मला काही कळलं नाही. आधी वास आला. रबर जळतं तसा. मी दार उघडलं.

पॅसेज नव्हताच. दारापाशी काळं काहीतरी उभं होतं, आणि दार उघडताच ते आत आलं. डोळे मिटले गेले. श्वास घेतला तो घशात निखाऱ्यासारखा बसला. मी खाली बसले. पुढे कुठेतरी मोठा आवाज झाला, वर नव्याने बसवलेलं शोभेचं छत कोसळलं असावं. घंटा वाजत नव्हती. ती का वाजत नव्हती हे मला माहीत होतं.

"भाऊ!" मी ओरडले. दुसऱ्यांदा ओरडायला श्वासच उरला नाही. मी रांगत पॅसेजमध्ये आले आणि तिथेच दिशा चुकले. डावं कुठलं, उजवं कुठलं, काही उमगेना. माझ्याच हातांनी काढलेल्या नकाशातलं ते घर होतं.

तेवढ्यात माझा उजवा हात कुणीतरी धरला.

पकड घट्ट होती. मला वाटलं, भाऊ. जिवात जीव आला. त्या हाताने मला जरासं डावीकडे ओढलं, आणि आधार शोधायला मी डावा हात पुढे केला, तर तो भिंतीला लागला.

मी काय म्हणतेय ते नीट ऐका. माझा तळवा प्लास्टरवर होता. खरबरीत, जुनं, मधे एक बारीक भेग. आणि ती भिंत गार होती. डिसेंबरात पहाटे असते तशी गार. तिच्या पलीकडे आग घोंघावत होती, पण शेजारच्या घरात चक्की सुरू असावी तशी, भिंतीपलीकडून. मी सरकत राहिले. मधेच माझ्या हाताला लाकूड लागलं, उभं, गोलसर कडेचं. पुढे हात रिकाम्या जागेत गेला आणि तिथून मात्र अशी झळ आली की मनगटावरचे केस जळले, कातडी भाजली. तो डाग अजून आहे. त्या हाताने मला पुढे ओढलं. पुन्हा लाकूड, पुन्हा गार भिंत. मग भिंत संपली, माझं कपाळ बाहेरच्या दारावर आपटलं आणि कडी उघडायला मी तो हात सोडला.

बाहेर उजेडात पडल्यावर मागे पाहिलं. भाऊ उंबऱ्यात होते, चौकटीला धरून खोकत. शेजारच्यांनी त्यांना ओढून जिन्यात नेलं. हेमांगी सात मजले पळत चढून आली होती. वीस मिनिटांत बंब आला. जीव सगळ्यांचे वाचले.

तिसऱ्या दिवशी सोसायटीसाठी पाहणी करायला आलेल्या खैरनार साहेबांनी मला त्या घरात बोलावलं. प्रसन्न आणि हेमांगीही आले होते. सगळं काळं झालं होतं, छताच्या सळ्या लोंबत होत्या. साहेब उकिडवे बसून फरशी बघत होते.

"इकडे या, मॅडम."

काजळीने माखलेल्या फरशीवर एक पांढरी पट्टी होती. पॅसेजपासून निघून सरळ बाहेरच्या दाराकडे गेलेली. स्वयंपाकघराच्या बाजूला टाइल्स तडकून उडाल्या होत्या, अलीकडच्या बाजूला नुसती काजळी. पट्टी मात्र लख्ख होती. मधे दाराएवढी जागा सुटलेली, पुढे पुन्हा सुरू. साहेबांनी टेप लावली.

"साडेचार इंच," ते म्हणाले. "भिंत काढल्यावर तेवढीच फरशी नवी घातली होती का? वेगळ्या दगडाची?"

"नाही. सगळी फरशी एकदमच नवी घातली. टाइल्स तिथून आडव्या गेल्या आहेत, बघा."

त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ राहिलं. त्यांनी वही उघडली, काही लिहिलं नाही.

"तुम्ही बाहेर कशा आलात?"

"भिंतीला धरून."

साहेबांनी वही मिटली. मग उठले आणि पलीकडे जायला निघाले. पट्टी ओलांडायला एक पाऊल पुरलं असतं. तरी ते आठ-दहा पावलं चालत मधल्या सुटलेल्या जागेपर्यंत गेले आणि तिथून पलीकडे गेले. मीही तशीच गेले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

मागे प्रसन्नचा आवाज चढला होता. "तेल ठेवून खाली जातंच कसं माणूस? आणि छताला घंटा होती, ती वाजली का नाही? साहेब म्हणताहेत आत सेलच नव्हता. कुणी काढला?"

हेमांगी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या साडीला काजळी लागत होती. "मीच काढला असेन," ती म्हणाली. "मला काही आठवत नाही. मीच असेन."

"असेन म्हणजे? आत माझे वडील होते, हेमांगी!"

मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. आता हे सांगताना मनगट दुखतं ते त्या क्षणभराच्या गप्प राहण्याने, झळ लागल्याने नव्हे. दिवाळीत मी फराळाला आले होते. चकल्या तळताना ती घंटा किंचाळायला लागली, भाऊ दचकले, हेमांगीचे हात पिठाचे. मी स्टुलावर चढून सेल काढला, वरच्या कप्प्यात टाकला आणि "नंतर लावते" म्हणाले.

"तो सेल मी काढला," मी म्हणाले. "आणि सगळ्या अटी पूर्ण केल्या असं सोसायटीला दिलेल्या पत्रावर माझीच सही आहे. ते पत्र खोटं आहे. हेमांगीचा यात काही दोष नाही."

खैरनार साहेबांनी आता मात्र वहीत लिहिलं. हेमांगी हळूहळू खाली बसली आणि रडायला लागली. सुटल्यासारखी रडत होती. मला वाटलं होतं ती माझा चेहराही बघणार नाही. ती नंतर माझ्याकडे येत राहिली, अजून येते.

घराचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. साहेबांचा अहवाल गेला, दोन वर्षं मला कुणी काम दिलं नाही, आणि ते योग्यच होतं. नाफड्यांनी भिंत पुन्हा बांधली, पण हेमांगीसाठी तिच्यात मोठी काच बसवली, आग सोसणारी. आता ती भिंतीआडून सगळ्यांना बघते. भाऊ आणखी सात वर्षं जगले.

राहिलं ते त्या तिसऱ्या दिवशीच्या संध्याकाळचं. नाफड्यांच्या घरातून मी सरळ दवाखान्यात भाऊंना भेटायला गेले. छातीत धूर गेल्यामुळे त्यांना ठेवून घेतलं होतं. मला सगळं कबूल करायचं होतं, आणि आभारही मानायचे होते.

"भाऊ, तुम्ही हात धरून नेलंत म्हणून मी आज आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "मी?"

"पॅसेजमध्ये माझा हात धरलात ना तुम्ही. मला काही दिसत नव्हतं."

"पोरी, मी पलंगावरून हललोच नव्हतो. पाय उचलेना. तूच खोलीत आलीस. काही न बोलता माझा हात धरलास आणि उठवलंस. मी मनात म्हटलं, पोरगी धीराची आहे."

"मी तुमच्या खोलीपर्यंत पोचलेच नाही, भाऊ."

शेजारच्या खाटेवरचा माणूस कूस बदलत होता. मग भाऊंनी आपला हात पुढे केला.

"दे बघू."

मी माझा हात त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी चाचपला. तळवा पाहिला, बोटं एकेक करून पाहिली, अंगठ्याचं मूळ, मनगट. शेत मोजताना ते अशीच घाई न करता मोजत असतील. शेवटी त्यांनी माझा हात अलगद पांघरुणावर ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "हा नव्हता."